वेग, नियम आणि न्याय : आयर्टन सेन्नाची अपुरी शर्यत

पनवेल, प्रतिनिधी – १ मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन. जगभरच्या मोटार शर्यतींच्या चाहत्यांसाठी मात्र ही तारीख एका मृत्यूशी कायमची जोडली गेली आहे. १९९४ साली याच दिवशी, रविवारी दुपारी, इटलीतील इमोलाच्या मार्गावर ब्राझीलचा आयर्टन सेन्ना याची मोटार काँक्रीटच्या भिंतीवर आदळली आणि तीन वेळचा हा जगज्जेता अवघ्या ३४ व्या वर्षी काळाच्या पडद्याआड गेला.

कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी राहणाऱ्या पनवेलकरांना वेग आणि नियम यांचे नाते नव्याने सांगायला नको. रस्त्यावरच्या वेगमर्यादेचा हेतू एकच असतो, तो म्हणजे माणूस सुखरूप घरी पोहोचावा. शर्यतीच्या मार्गावर मात्र नियमाला दोन कामे करावी लागतात. चालकाचा जीव वाचवायचा आणि स्पर्धा सर्वांना न्याय्य ठेवायची. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात तेव्हा काय घडते, याचे सेन्नाच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

सेन्नाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी साओ पाउलो येथील सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील मिल्टन दा सिल्वा हे उद्योजक. मुलगा चार वर्षांचा असताना त्यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून त्याला एक छोटी गाडी करून दिली. तेराव्या वर्षी तो कार्टच्या स्पर्धांत उतरला. १९७९ आणि १९८० अशी सलग दोन वर्षे कार्टच्या जागतिक स्पर्धेत त्याला उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. १९८१ मध्ये त्याने इंग्लंड गाठले, १९८३ मध्ये तेथील फॉर्म्युला थ्री स्पर्धा जिंकली आणि १९८४ मध्ये टोलमन या दुय्यम संघातून फॉर्म्युला वनमध्ये पाऊल ठेवले.

त्याच वर्षीच्या ३ जूनला मोनॅकोत धो धो पाऊस पडत होता. तेराव्या क्रमांकावरून सुरुवात करणारा सेन्ना एकेकाला मागे टाकत दुसऱ्या क्रमांकावर आला. आघाडीवरच्या अॅलन प्रोस्टशी असलेले त्याचे अंतर प्रत्येक फेरीगणिक घटत होते. अशा वेळी शर्यतीचे संचालक जॅकी इक्स यांनी पावसामुळे धोका वाढल्याचे कारण देऊन लाल निशाण दाखवले. निकाल ३१ व्या फेरीअखेरचा धरण्यात आला आणि प्रोस्ट विजयी ठरला. प्रोस्टच्या मॅक्लारेन मोटारीतील इंजिन पोर्शेने बनवलेले होते आणि इक्स स्वतः पोर्शेच्या मोटारी चालवत असत. निर्णयामागचा हेतू शुद्ध असला तरी संशयाला एवढे निमित्त पुरेसे होते.

या निर्णयाने नियतीचा एक विलक्षण खेळही घडवला. शर्यत निम्म्याआधीच थांबल्याने विजेत्याला नऊऐवजी साडेचार गुण मिळाले. मोसमाअखेर निकी लाउडाचे ७२ आणि प्रोस्टचे साडेएकाहत्तर गुण झाले. म्हणजेच अर्ध्या गुणाने प्रोस्टचे जगज्जेतेपद हुकले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता तरी त्याला सहा गुण मिळाले असते. सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय ज्याच्या पथ्यावर पडल्याची ओरड झाली, त्याचाच घात त्या निर्णयाने केला.

सेन्नाने पहिला विजय १९८५ मध्ये पोर्तुगालमधील एस्टोरिल येथे, पुन्हा भर पावसातच मिळवला. त्या वेळी तो लोटस संघात होता. १९८८ मध्ये तो मॅक्लारेनमध्ये प्रोस्टचा सहकारी झाला आणि या दोघांनी मिळून त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. सेन्ना प्रथमच जगज्जेता झाला आणि एकाच संघात राहून या दोघांमधून विस्तवही जाईनासा झाला.

१९८९ मध्ये जपानमधील सुझुका येथे या वैराचा कडेलोट झाला. एका अरुंद वळणावर दोघांच्या मोटारी एकमेकींत अडकल्या. प्रोस्ट उतरून निघून गेला. सेन्नाने मदतनिसांकडून मोटार ढकलून घेतली, सुटकेच्या रस्त्याने तो पुन्हा मार्गावर आला आणि शर्यत जिंकला. मात्र त्याने ते वळण पूर्ण न करता टाळले, असा ठपका ठेवून त्याला बाद ठरवण्यात आले आणि जगज्जेतेपद प्रोस्टकडे गेले. वळण पूर्ण करायचे तर समोरून भरधाव येणाऱ्या मोटारींच्या दिशेने उलटे फिरावे लागले असते, ते जिवावर बेतणारे होते, अशी सेन्नाची बाजू होती. आंतरराष्ट्रीय महासंघाचे फ्रेंच अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी ती मानली नाही. उलट त्याला एक लाख डॉलरचा दंड ठोठावण्यात आला.

पुढच्याच वर्षी सुझुका येथे शर्यतीपूर्वी चालकांची बैठक झाली. वळण चुकलेल्या चालकाने उलटे फिरणे धोक्याचे आहे, हा मुद्दा नेल्सन पिके याने मांडला आणि तो मान्यही झाला. आदल्या वर्षी ज्या युक्तिवादासाठी आपल्याला शिक्षा झाली, तोच आता सर्वांना पटावा, हे सहन न होऊन सेन्ना बैठकीतून उठून गेला. सर्वांत जलद चालकाची सुरुवातीची जागा मार्गाच्या अस्वच्छ, घसरड्या बाजूला असू नये ही त्याची मागणीही फेटाळण्यात आली. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर त्याने प्रोस्टच्या मोटारीला धडक दिली. दोघेही बाद झाले आणि सेन्ना दुसऱ्यांदा जगज्जेता ठरला. ही धडक हेतुपुरस्सर होती, हे त्याने वर्षभराने कबूल केले.

सेन्नाच्या चाहत्यांना हा प्रसंग आजही अडचणीचा वाटतो आणि तो तसा वाटायलाही हवा. अन्याय झाला ही त्याची भावना खोटी नव्हती. परंतु न्यायाचा हिशेब त्याने भरधाव वेगात, दोघांचे आणि मागून येणाऱ्या सर्वांचे प्राण पणाला लावून चुकता केला.

याच माणसाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९९० मध्ये स्पेनमधील हेरेझ येथे मार्टिन डॉनेली भीषण अपघातात जखमी झाला, तेव्हा सेन्ना अपघातस्थळी जाऊन वैद्यकीय पथकाचे काम पाहत उभा राहिला. १९९२ मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात एरिक कोमास बेशुद्ध पडला, तेव्हा सेन्नाने स्वतःची मोटार थांबवली, येणाऱ्या मोटारींची पर्वा न करता धावत जाऊन कोमासचे इंजिन बंद केले आणि डॉक्टर येईपर्यंत त्याची मान सावरून धरली.

१९९१ मध्ये सेन्ना तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. त्यानंतरची दोन वर्षे विल्यम्स संघाची होती. संगणकाच्या साहाय्याने मोटारीची उंची आणि तोल क्षणोक्षणी राखणारी सक्रिय स्प्रिंग-यंत्रणा त्यांच्याकडे सर्वांत प्रगत होती. चाके घसरू न देणारी स्वयंचलित नियंत्रणेही सोबतीला होती. यंत्रच सारे करू लागले तर चालकाच्या कौशल्याला अर्थ काय, अशी टीका सेन्नाने उघडपणे केली. खर्चाचा आणि एकतर्फी होत चाललेल्या स्पर्धेचा विचार करून महासंघाने १९९४ पासून या साधनांवर बंदी घातली. न्यायाच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. मात्र मोटारीचा तोल राखणारी साधने काढून घेताना वेग आणि शक्ती तशीच ठेवण्यात आली. त्या यंत्रणांच्या भरवशावर विकसित झालेल्या मोटारी आता वळणावर अचानक हातातून सुटू लागल्या. बंदीच्या बाजूने बोललेल्या सेन्नानेच, यंदा बरेच अपघात होतील, असा इशारा मोसमाच्या आरंभी दिला.

त्या वर्षी सेन्ना स्वतः विल्यम्समध्ये दाखल झाला होता. पहिल्या दोन शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही, तर तरुण मायकेल शूमाकरने दोन्ही जिंकल्या. अशा दडपणाखाली तो इमोलाला पोहोचला. शुक्रवारी त्याचाच देशबंधू रुबेन्स बॅरिचेलो अपघातातून थोडक्यात बचावला. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलँड रॅट्झेनबर्गर मृत्युमुखी पडला. शर्यतीच्या तीन दिवसांत चालकाचा मृत्यू होण्याची १९८२ नंतरची ती पहिलीच घटना. सेन्ना तेथेही धावला. शर्यतींचे डॉक्टर आणि त्याचे स्नेही सिड वॉटकिन्स यांनी त्याला हे सारे सोडून देण्याचा सल्ला दिला, पण तो त्याच्याने मानवला नाही. रविवारी सकाळी मात्र त्याने काही चालकांशी सुरक्षिततेसाठी पुन्हा संघटित होण्याबद्दल चर्चा केली.

शर्यतीच्या आरंभीच दोन मोटारी धडकल्याने सर्वांना काही फेऱ्या सुरक्षा मोटारीमागे संथ चालावे लागले. ती बाजूला होऊन वेग वाढला आणि सातव्या फेरीत टाम्बुरेल्लो वळणावर सेन्नाची मोटार सरळ बाहेर गेली. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक असलेला वेग भिंतीपर्यंत २११ किलोमीटरवर आला होता, पण स्प्रिंग-यंत्रणेचा तुटलेला भाग शिरस्त्राण भेदून गेला. थंडावलेल्या टायरांतील हवेचा दाब कमी झाल्याने मोटार जमिनीला घासली की स्टिअरिंगचा दांडा तुटला, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दांड्यातील सदोष बदल कारणीभूत धरला, परंतु खटल्याची मुदत तोवर उलटून गेली होती. या वळणावर पूर्वीही अपघात झाले होते, तथापि मागून नदी वाहत असल्याने भिंत हलवता येत नाही, असे मानले गेले होते. पुढच्या वर्षी वळणाचा आकारच बदलला आणि प्रश्न सुटला.

मृत्यूनंतर नियमांची घाई झाली. मोसम चालू असतानाच मोटारींच्या हवादाबाची रचना बदलण्यास भाग पाडण्यात आले. बदललेली मोटार चाचणीत चालवताना पेद्रो लामीचा मागचा पंख निखळून त्याचे दोन्ही पाय मोडले. घाईच्या निषेधार्थ स्पेनमध्ये अनेक संघांनी शुक्रवारच्या सरावावर बहिष्कार टाकला. वेग कमी व्हावा म्हणून मोटारीच्या तळाला १० मिलिमीटर जाडीची फळी सक्तीची झाली आणि ती प्रमाणाबाहेर झिजली म्हणून ऑगस्टमध्ये स्पा येथील शूमाकरचा विजय रद्द झाला. सुरक्षिततेचा नियम पुन्हा न्यायाचा वाद बनला. अखेर शूमाकर एका गुणाने जगज्जेता ठरला.

भारतीय चाहत्यांनाही हा पेच परका नाही. २००५ मध्ये इंडियानापोलिस येथे मिशलिनचे टायर एका वळणावर सुरक्षित नसल्याचे आढळले. तेथे वेग कमी करणारा अडथळा बसवावा अशी संघांची मागणी होती. योग्य टायर आणणाऱ्या ब्रिजस्टोनच्या संघांवर तो अन्याय ठरेल म्हणून महासंघाने नकार दिला. चौदा मोटारी एका फेरीनंतर आत गेल्या, उरलेल्या सहांमध्ये आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला.

४१ विजय, ६५ वेळा अग्रस्थानावरून प्रारंभ आणि तीन जगज्जेतेपदे ही सेन्नाची आकडेवारी पुढे इतरांनी ओलांडली. साओ पाउलोच्या रस्त्यांवर अंत्ययात्रेला लोटलेला जनसागर आणि त्याची बहीण व्हिव्हियान यांनी १९९४ मध्येच मुलांच्या शिक्षणासाठी उभी केलेली संस्था, हा त्याचा वारसा आहे. दुसरा वारसा नियमपुस्तकात आहे. पुढे मानेचे रक्षण करणारे साधन २००३ मध्ये, तर डोक्यावरचे हॅलो हे कडे २०१८ मध्ये सक्तीचे झाले. हॅलो मोटारीला विद्रूप करते, अशी तेव्हा ओरड झाली होती. २०२० मध्ये बहारीन येथे कठडा फोडून पेटलेल्या मोटारीतून रोमाँ ग्रोजाँ जिवंत बाहेर आला आणि ती ओरड थांबली.

हे कडे प्रत्येक मोटारीवर सारखेच असते, मोसमाआधी ठरलेले असते आणि कुणाला आघाडी देत नाही. मोनॅकोच्या पावसात, सुझुकाच्या वळणावर आणि १९९४ च्या बंदीत नेमके हेच साधले नव्हते. कुठे निर्णय ऐनवेळी झाला, कुठे माणूस पाहून झाला, तर कुठे न्याय पाहताना जीव पाहायचा राहून गेला. सेन्नाने या तिन्हींची किंमत मोजली. त्यातली शेवटची किंमत परत करता येण्याजोगी नव्हती.