सभागृहातील वकील : दुर्गाबाई देशमुख

मराठी वाचकाला दुर्गाबाई देशमुख हे नाव बहुधा चिंतामणराव देशमुखांमुळे परिचित असते. रायगड जिल्ह्यातून पुढे आलेले चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री, आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई, असा तो क्रम लागतो. हैदराबादकरांना विद्यानगरचे त्यांच्या नावाचे रुग्णालय आणि आंध्र महिला सभा ठाऊक असते. परंतु २२ जानेवारी १९५३ रोजी हा विवाह झाला, त्यापूर्वीच दुर्गाबाईंचे संसदेतील काम संपलेले होते. संविधान सभेच्या कामकाजात त्यांची नोंद जी. दुर्गाबाई अशी आहे, आणि वकील म्हणून त्यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर याच जुन्या नावाकडे जावे लागते.

त्यांचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी राजमहेंद्री येथे झाला. आठव्या वर्षी एका जमीनदार घराण्यात त्यांचे लग्न लावून देण्यात आले. जाणत्या झाल्यावर त्यांनी तो संसार नाकारला आणि पतीला दुसरा विवाह करण्यास मोकळे केले. त्या काळी हे धाडस होतेच. परंतु पुढे तो गृहस्थ वारल्यावर त्याच्या विधवा पत्नीला आपल्या संस्थेत शिक्षण देऊन त्यांनी पायावर उभे केले, हे त्याहून विरळा म्हणावे लागेल. इंग्रजी माध्यमाच्या निषेधार्थ लहानपणीच शाळा सोडलेल्या या मुलीने स्वतः हिंदी शिकून इतर मुलीबाळींसाठी हिंदीची पाठशाळा चालवली. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेस अधिवेशनात खादी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभी असताना तिने तिकीट नसलेल्या जवाहरलाल नेहरूंना आत सोडले नाही. आयोजकांना त्यांच्यासाठी तिकीट घ्यावे लागले. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. नियम सर्वांना सारखा, ही वकिली वृत्ती तिच्यात त्या वयातच दिसते.

कायद्याच्या अभ्यासाचे मूळ मात्र तुरुंगात आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहापासून पुढील तीन वर्षांत दुर्गाबाईंना वारंवार कारावास घडला. मदुराईच्या तुरुंगात त्यांना एकांतवासही भोगावा लागला. या काळात त्यांची गाठ खुनासारख्या आरोपांखाली शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांशी पडली. आपल्यावर नेमका आरोप कोणता, आपण कोणत्या कबुलीवर अंगठा उठवला आणि न्यायालयात आपल्या वतीने कोणी बोलले की नाही, हेही त्यांतील काहींना सांगता येत नव्हते. कायदा होता, न्यायालय होते, शिक्षाही रीतसर झालेली होती. बाजू मांडणारा कोणी नव्हता. सुटका झाल्यावर आपण वकील व्हायचे, हा निश्चय दुर्गाबाईंनी तेथे केला.

औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या, विशी ओलांडलेल्या स्त्रीसाठी ही वाट सोपी नव्हती. बनारस हिंदू विद्यापीठाच्या परीक्षा देत त्यांनी पायरी गाठली. आंध्र विद्यापीठात राज्यशास्त्रासाठी अर्ज केला, तेव्हा मुलींचे वसतिगृह नाही, ही अडचण पुढे करण्यात आली. दुर्गाबाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन शिकू इच्छिणाऱ्या मुली गोळा केल्या आणि वसतिगृहच सुरू केले. त्यानंतर मद्रास येथे कायद्याची पदवी घेऊन १९४२ च्या सुमारास त्या वकिली करू लागल्या.

१९४६ मध्ये मद्रास प्रांतातून त्या संविधान सभेवर निवडून गेल्या. या सभेत स्त्रिया अवघ्या पंधरा. हीच सभा स्वातंत्र्यानंतर देशाचे कायदेमंडळ म्हणूनही बसत असे आणि १९५० पासून १९५२ पर्यंत तिलाच हंगामी संसदेचे रूप आले. अध्यक्षांच्या अनुपस्थितीत कामकाज चालवणाऱ्या तालिकेवर दुर्गाबाई ही एकमेव स्त्री होती. पण त्यांचा खरा ठसा उमटला तो सदस्यांच्या बाकावरून, मसुद्यातील कलमांना सुचवलेल्या दुरुस्त्यांमधून. भव्य भाषणे करणारे सभागृहात पुष्कळ होते. एखाद्या शब्दामुळे उद्या न्यायालयात काय घडेल, याचा विचार करणारे त्या मानाने थोडे.

राज्यसभेच्या सदस्यत्वासाठी मसुद्यात किमान वय पस्तीस होते. ते तीस करावे, ही दुरुस्ती १९४९ च्या मे महिन्यात दुर्गाबाईंनी मांडली. वयाबरोबर शहाणपण येते ही समजूत जुनी झाली, नव्या परिस्थितीत तरुण मुलेमुली आपली जबाबदारी लवकर ओळखतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज संविधानात तीस हेच वय आहे. हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याची वाट कायद्याला मोकळी राहावी, म्हणून त्या कलमाचा अर्थ अधिक व्यापक करणारी दुरुस्तीही त्यांनी सुचवली. मंदिरप्रवेशाच्या कायद्यांना एखाद्या संदिग्ध शब्दाच्या आधारे आव्हान देता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. माणसांच्या व्यापाराला बंदी घालणाऱ्या कलमावर बोलताना त्यांनी देवदासी प्रथेचा आणि मद्रास प्रांताने १९४७ मध्ये तिच्याविरुद्ध केलेल्या कायद्याचा उल्लेख केला. बारा वर्षांच्या वयात, गांधीजी काकीनाड्याला आले असता, त्यांची आणि देवदासींची भेट घडवून आणण्यासाठी याच दुर्गाबाईने खटपट केली होती. सौंदत्तीच्या डोंगराची ओळख असलेल्या बेळगावकडच्या वाचकाला या विषयाची तीव्रता वेगळी सांगायला नको.

मूलभूत हक्क मोडला गेल्यास नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता यावी, या तरतुदीचेही त्यांनी आग्रहाने समर्थन केले. हक्क कागदावर असणे आणि तो मागण्यासाठी दार असणे यांतील अंतर त्यांनी तुरुंगात पाहिलेले होते.

भाषेच्या प्रश्नावर मात्र त्यांची भूमिका अनेकांना अनपेक्षित वाटली. लहानपणापासून हिंदी शिकवणारी ही आंध्र स्त्री हिंदीच्या कैवाऱ्यांबरोबर सरसकट जाईल, असा समज असणे स्वाभाविक होते. सप्टेंबर १९४९ च्या चर्चेत दुर्गाबाईंनी हिंदुस्तानीचा पक्ष घेतला आणि हिंदीच्या अतिउत्साही प्रचारामुळे, तसेच प्रादेशिक भाषांविषयीच्या अनास्थेमुळे, दक्षिणेतील हिंदीप्रेमी कार्यकर्त्यांचीच कोंडी होते, याची जाणीव करून दिली. जिने घरोघर जाऊन हिंदी नेली तिनेच ही तक्रार करावी, यात तिचे वजन होते.

सर्वांत कठीण लढा हिंदू कोड बिलाचा. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाइतका वाटा आणि स्त्रीला आपल्या वाट्याची पूर्ण मालकी, या दोन्ही गोष्टींसाठी दुर्गाबाई डॉ. आंबेडकरांच्या विधेयकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. विधेयक रखडले आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रीला पूर्ण मालकी दिली, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मुलग्यांकडेच ठेवला. हा भेद आंध्र प्रदेशाने १९८६ च्या दुरुस्तीने, महाराष्ट्र व कर्नाटकाने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये दूर केला. यांतील एकही दुरुस्ती पाहायला दुर्गाबाई नव्हत्या.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. संविधान घडवण्यात भाग घेतलेल्या या स्त्रीला त्याच संविधानाखालच्या पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही. खेद करावा अशीच ही गोष्ट आहे, कारण ज्या वारसा आणि विवाह कायद्यांसाठी त्या झगडल्या ते याच लोकसभेत संमत झाले. नियोजन आयोगावर त्यांची नेमणूक झाली, चिंतामणरावांशी निकटचा परिचय झाला आणि नेहरूंच्या साक्षीने नोंदणी पद्धतीने विवाह झाला. १९५३ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. स्त्रीशिक्षणाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १९७५ मध्ये पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. ही सारी कारकीर्द मोठी आहे, तिच्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे.

त्यांच्यातील वकील मात्र संसदेबाहेर पडल्यावरही स्वस्थ बसला नाही. १९५३ मध्ये चीनच्या दौऱ्यावरून परतल्यावर त्यांनी कौटुंबिक वादांसाठी वेगळी न्यायालये असावीत, हा विचार न्यायमूर्ती म. क. छागला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याशी बोलून नेहरूंपुढे ठेवला. घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा हे प्रश्न इतर दिवाणी दाव्यांच्या रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठत राहतात आणि त्याची झळ प्रथम बाईला बसते, ही त्यामागची साधी गोष्ट.

९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला चिंतामणरावही हैदराबादेत गेले. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा संसदेने १९८४ मध्ये संमत केला.