एका पंगतीचा प्रश्न : संत पौलाचे जीवन

पंगतीला कोणी कोणाच्या शेजारी बसावे, या प्रश्नावरून आपल्या समाजात केवढी वादळे उठली, हे वाचकांस ठाऊक आहेच. असाच एक पंगतीचा प्रश्न इ. स. ५० च्या सुमारास सिरियातील अंत्युखिया शहरात उभा राहिला, आणि त्याच्या उत्तराने एका धर्माचे पुढचे रूप ठरून गेले. ते उत्तर देणारा पुरुष म्हणजे पौल.

पौलाचा जन्म आजच्या तुर्कस्तानातील तार्स शहरी, एका ज्यू घराण्यात झाला. शौल हे त्याचे हिब्रू नाव. रोमन नागरिकत्व त्याला जन्मतःच लाभले होते. जेरुसलेमला गमलिएल या नामवंत शास्त्र्यापाशी त्याने अध्ययन केले. नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या परूशी पंथाचा तो अनुयायी. मोशेच्या नावाने चालत आलेल्या या शास्त्राने सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे विधिनिषेध असे जीवनाचे प्रत्येक अंग बांधलेले होते. आपल्या कोकणातील बेने इस्रायलांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, तेही शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवण्यावरूनच. पोटासाठी पौल तंबू करण्याचे काम करीत असे.

येशूला मसीहा मानणारा नवा पंथ त्याला आरंभी धर्मघातक वाटला. स्तेफनाला दगडमार झाली, तेव्हा साक्षीदारांची वस्त्रे त्याच्याच पायांशी ठेवलेली होती. पुढे या पंथाच्या लोकांना बांधून आणण्यासाठी तो दमास्कसला निघाला. वाटेत आपल्याला येशूचे दर्शन झाले, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. छळ करणारा होता, तोच प्रचारक झाला.

बर्णबाने त्याला अंत्युखियाला आणले. तेथे ज्यू आणि ग्रीक एकत्र उपासना करीत, एकत्र जेवत. परंतु यहूदियातून आलेल्या काही जणांनी सांगितले की, सुंता केल्यावाचून तारण नाही. हा आग्रह निव्वळ हट्ट नव्हता. शास्त्र देवाने दिले असेल, तर ते सोडण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला? उलट ख्रिस्तावरील श्रद्धा पुरेशी असेल, तर ग्रीक माणसाला आधी ज्यू का व्हावे लागावे?

निर्णयासाठी सुमारे इ. स. ४९ मध्ये जेरुसलेमला बैठक भरली. ज्यू नसलेल्यांवर सुंतेचे ओझे घालू नये; मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढे वर्ज्य मानावे, असे ठरल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. मात्र कागदावरचा निर्णय ताटापर्यंत पोचायला वेळ लागतो. अंत्युखियात पेत्र ग्रीकांबरोबर जेवत असे. पण जेरुसलेमहून याकोबाकडील माणसे येताच तो पंगतीतून उठून गेला. बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने ज्येष्ठ पेत्राला सर्वांसमक्ष दोष दिला. ही हकीकत त्याने स्वतः गलतियातील मंडळ्यांना कळविली. वादाचा शेवट काय झाला, हे मात्र लिहिले नाही.

त्याच पत्रात त्याने आपला युक्तिवाद मांडला. अब्राहाम देवापुढे नीतिमान ठरला तो श्रद्धेमुळे. नियमशास्त्र त्यानंतर ४३० वर्षांनी आले. मुलाला शाळेत नेणाऱ्या सेवकासारखे त्याचे काम होते. मूल वयात आले की त्या सेवकाची सत्ता संपते. तथापि पौल शास्त्राचा वैरी नव्हता. शास्त्र पवित्र आहे, असे त्याने रोमकरांना कळविले. आई ज्यू असलेल्या तीमथ्याची त्याने सुंता करविली. ग्रीक तीताची मात्र होऊ दिली नाही. ज्यू माणसाने ज्यू राहावे, ग्रीकाने ग्रीक राहावे आणि दोघांनी एकत्र जेवावे, हे त्याचे म्हणणे होते.

याच भूमिकेने त्याचा घात केला. गरिबांसाठी ग्रीक मंडळ्यांनी दिलेली वर्गणी घेऊन तो जेरुसलेमला गेला. आपण शास्त्र मानतो हे दाखविण्यासाठी मंदिरात शुद्धीचा विधीही त्याने केला. तरी त्याने एका ग्रीकाला आतल्या अंगणात आणल्याची आवई उठली आणि जमाव खवळला. परक्याने आत पाऊल टाकल्यास मरण, असे बजावणारा त्या मंदिराचा शिलालेख १८७१ मध्ये सापडला असून तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कैसरियाच्या तुरुंगात दोन वर्षे काढल्यावर पौलाने सम्राटाकडे दाद मागितली. माल्टाजवळ जहाज फुटले, तरी तो रोमला पोचला. नीरोच्या काळात तेथे त्याचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे.

इ. स. ७० मध्ये ते मंदिरही उद्ध्वस्त झाले. मंडळ्यांत ग्रीक व रोमन बहुसंख्य झाले आणि पारडे फिरले. आता शास्त्र पाळणाऱ्या ज्यू ख्रिस्ती लोकांनाच पाखंडी ठरविण्यात आले. इथिओपियातील ख्रिस्ती समाजाने सुंता व शनिवारचा मान आजतागायत जपला. इतरत्र ते बहुतेक लोपले. कलम केलेल्या फांदीने मुळापुढे तोरा मिरवू नये, असा इशारा पौलाने रोमकरांना दिला होता. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. बाहेरच्यांना पंगतीत घेण्यासाठी जो आयुष्यभर भांडला, त्याच्या नावाने पुढे घरच्यांनाच उठविले गेले. पौलाचे चरित्र वाचताना हे विसरून चालणार नाही.