दूरच्या आज्ञेचें जहाज : निकोला टेस्ला

बटण दाबतांच खोली उजळते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यामागें कोणाचे श्रम आहेत याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. असे श्रम करणाऱ्यांपैकीं निकोला टेस्ला हे एक होत. त्यांच्या चरित्रांतील एका लहानशा जहाजाची हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांस बोधप्रद होईल, म्हणून ती येथें देत आहों.

टेस्ला यांचा जन्म ता. १० जुलै १८५६ रोजीं स्मिल्यान या खेड्यांत झाला. हें खेडें त्या वेळीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होतें. आज तें क्रोएशियांत आहे. वडील धर्मोपदेशक होते. आईस लिहितांवाचतां येत नसे. परंतु घरकामाचीं उपकरणें ती स्वतःच्या कल्पनेनें तयार करी. आपली शोधक बुद्धि तिच्याकडून आली, असें टेस्ला मानीत.

१८८४ सालीं ते अमेरिकेस गेले. एडिसन यांच्याकडील नोकरी लवकरच सुटली आणि पुढें पोटासाठीं खड्डे खणण्याची मजुरीहि त्यांस करावी लागली. पण १८८८ सालीं त्यांच्या विद्युत्-यंत्रांचे हक्क वेस्टिंगहाउस यांनीं घेतले, आणि १८९६ सालीं नायगारा धबधब्याची वीज बफलो शहरांत पोंचली. मध्यंतरीं १८९५ सालीं त्यांची प्रयोगशाळा आगींत भस्मसात् झाली; तरी त्यांचा उद्योग थांबला नाहीं.

१८९८ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांनीं एका हौदांत सुमारें ४ फूट लांबीचें लोखंडी जहाज सोडलें. त्यास ना दोरी, ना तार. तरी टेस्ला दुरून इच्छितील तसें तें वळे व आपले दिवे लावी. जहाजांतील एका नळींत धातूचा कीस होता. बिनतारी लहर आली कीं तो कीस वीज वाहूं देई, आणि त्या प्रवाहानें सुकाणूचें यंत्र फिरे. मग नळी उलटून कीस पुन्हा मोकळा होई. प्रेक्षकांपैकीं कोणास ही जादू वाटली, तर कोणास आंत शिकविलेलें माकड बसविलें असावें असा संशय आला!

त्याच वर्षीं अमेरिका व स्पेन यांचें युद्ध चालू होतें. असें जहाज स्फोटक द्रव्यांनीं भरून शत्रूवर सोडतां येईल, आणि त्या धाकानें युद्धेंच बंद पडतील, अशी टेस्ला यांची आशा होती.

परंतु येथें एक मोठा प्रश्न उभा राहतो. आकाशांतील विजेची अथवा शत्रूची लहर त्या नळीस लागली तर? सुकाणू चुकून वळलें तर फारसें बिघडत नाहीं. स्फोट चुकून झाला तर प्राण जातात. म्हणून टेस्ला यांनीं निरनिराळ्या कंपनसंख्येच्या दोन लहरी एकदम आल्या तरच काम करणारें यंत्र योजिलें. त्याचीं पेटंटें त्यांस १९०३ सालीं मिळालीं. खजिन्याच्या पेटीस दोन कुलुपें असावींत, तशी ही युक्ति होय. आज अमेरिकेंतील हौशी मंडळी तळ्यांत लहान युद्धनौका लढवितात. वायूच्या दाबानें पोलादी गोळ्या उडविणाऱ्या त्यांच्या तोफांस बिनतारी आज्ञेनेंच बत्ती मिळते. तेथेंहि आज्ञेवांचून तोफ सुटूं नये, हीच पहिली काळजी.

टेस्ला ता. ७ जानेवारी १९४३ रोजीं न्यूयॉर्कमधील एका हॉटेलांत एकाकी स्थितींत वारले. त्याच वर्षीं सप्टेंबरांत, बिनतारी आज्ञेनें वळविलेल्या जर्मन बाँबनें इटलीची 'रोमा' ही युद्धनौका बुडाली व बाराशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. यंत्राच्या धाकानें युद्ध थांबेल ही त्यांची आशा फोल ठरली.

खोटी आज्ञा कोणती, हें यंत्रास ओळखावयास लावणें टेस्ला यांस साधलें. दुष्ट आज्ञा कोणती, हें मात्र कोणतेंहि यंत्र ओळखीत नाहीं; तें आज्ञा देणाऱ्यानेंच ओळखावें लागतें. आमच्या शाळांतून उद्यां जे यंत्रज्ञ बाहेर पडतील, त्यांनीं विद्येबरोबर हा विवेकहि संपादन करावा, एवढीच आमची इच्छा आहे.