पांढरा कुडा, काळा कुडा आणि डॉ. सखाराम अर्जुन

वैशाखात जव्हार-मोखाड्याचे डोंगर उघडेबोडके दिसतात. पाणी आटलेले, गवत वाळलेले आणि पहिला पाऊस अजून लांब. अशा वेळी पोशेऱ्याच्या आसपासच्या रानात एक झुडूप मात्र पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ते म्हणजे कुडा. इथल्या वारली, कोकणा, कातकरी घरांत कुडा माहीत नाही असे माणूस सापडायचे नाही. फुलांची भाजी होते, कोवळ्या शेंगांची भाजी होते आणि पोटात मुरडा आला, आव पडू लागली की सालीचा काढा होतो. शहरातल्या घरांनाही कुटजारिष्ट किंवा कुटजघनवटी ही नावे परकी नाहीत. कुटज म्हणजेच कुडा.

मात्र रानात कुडा एकच नाही. पांढरा कुडा वेगळा, काळा कुडा वेगळा. दोन्ही मोठी झुडपे किंवा लहान झाडे. दोन्हींची पाने समोरासमोर, दोन्हींची फुले पांढरी, दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा आणि दोन्हींच्या अंगात पांढरा चीक. सालीचे तुकडे करून वाळवले की चांगल्या जाणत्यालाही फसायला होते. आवेवर ज्याची ख्याती आहे तो पांढरा कुडा. काळ्या कुड्याच्या सालीत तो गुण नाही.

हा घोटाळा जुना आहे आणि तो केवळ आपल्या रानापुरता नाही. अठराव्या शतकात कुड्याची साल युरोपात औषध म्हणून जात होती. तिथे तिचे नाव झाले आणि पुढे गेलेही, कारण तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळून येऊ लागली. रोग्याला गुण येईना, तेव्हा दोष साल मिसळणाऱ्याला न लागता औषधाला लागला. नामकरण करणाऱ्यांनीही गोंधळात भर घातली. लिनियसने १७५३ मध्ये ‘आव थांबवणारा’ या अर्थाचे लॅटिन विशेषण ज्या झुडपाला दिले, ते श्रीलंकेतले, काळ्या कुड्याच्या गोतातले झुडूप होते. पुढे रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फुलांची रचना तपासून दोन प्रजाती वेगळ्या केल्या. काळ्या कुड्याची ‘राइटिया’ झाली. विल्यम राइट या स्कॉटिश डॉक्टरच्या नावावरून हे नाव पडले. पांढऱ्या कुड्याची झाली ‘होलॅरेना’.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात प्रश्न सुटला, तरी बाजारात तो तसाच होता. तो बाजारात जाऊन सोडवू पाहणाऱ्यांत मुंबईचा एक मराठी डॉक्टर होता. डॉ. सखाराम अर्जुन राऊत हे त्यांचे नाव. आज लोक त्यांना बहुतेक डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून ओळखतात. ती ओळख खरी आहे, पण पुरी नाही.

सखाराम अर्जुन यांचा जन्म १८३९ चा. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते आणि १८५१ मध्ये तिथून पहिली तुकडी बाहेर पडली होती. भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग हे त्याच तुकडीतले. सखाराम अर्जुन त्यांच्या मागच्या पिढीचे. तेही याच कॉलेजात शिकले, जे. जे. रुग्णालयात असिस्टंट सर्जन झाले आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. त्या काळी डॉक्टरला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे. औषधांच्या कपाटातले बहुतेक सगळे झाडापाल्यातून आलेले असे. क्विनीन सालीतून, अफू बोंडातून, इपिकॅक मुळातून. झाड ओळखता येणे हा डॉक्टरच्या कामाचाच भाग होता.

देशी डॉक्टरपुढे आणखी एक अडचण होती. पुस्तके विलायतेत छापलेली आणि त्यातली झाडे विलायतेतली किंवा अमेरिकेतली. दारात येणारा रोगी मात्र गावातल्या वैदूचे काही तरी घेऊन आलेला असे. त्याने काय घेतले हे डॉक्टरला कळावे कसे? रानातल्या झाडांची पुस्तके होऊ लागली होती. डॅल्झेल आणि गिब्सन यांची ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाली. पण रानात उभे असलेले झाड आणि काष्ठौषधीच्या दुकानातल्या पोत्यातला वाळका तुकडा यांचे नाते जुळवणे हे निराळेच काम होते. दुकानदार नाव सांगणार मराठी, गुजराती किंवा फारसी. एका नावाखाली तीन वस्तू निघणार आणि एका वस्तूला चार नावे असणार.

हे काम सखाराम अर्जुन यांनी हाती घेतले. १८७९ मध्ये त्यांची मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध झाली. देशी नाव काय, ते नेमके कोणत्या वनस्पतीचे, उपयोग कशासाठी, असा तो व्यवहार. दिसायला साधी यादी, पण तिचे महत्त्व पुढच्या लोकांनी ओळखले. जॉर्ज वॅट यांनी १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातील उपयुक्त द्रव्यांचा प्रचंड कोश काढला. त्यात झाडामागून झाडाखाली आधार म्हणून ‘एस. अर्जुन’ हे नाव येते. तो कोश चाळणाऱ्या किती जणांना ते नाव मुंबईच्या एका मराठी डॉक्टरचे आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

सूची छापून उघड करणे हीसुद्धा त्या काळात लहान गोष्ट नव्हती. औषध गुप्त ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी. खुद्द भाऊ दाजींसारख्या मोठ्या माणसाने महारोगावर केलेल्या उपचाराची सविस्तर माहिती प्रसिद्ध होण्याआधीच १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. ते औषध कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे होते, हे लोकांना पुढे कळले. माहिती माणसाबरोबर गेली की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सूचीचे तसे नाही. ती चुकली तर दुसरा दुरुस्त करू शकतो.

आता पुन्हा कुड्याकडे येऊ. नीट ओळखायचे म्हणजे काय करायचे, हे या झुडपावरून चांगले समजते. पांढऱ्या कुड्याचे पान मोठे, शिरा ठळक, आणि पानावर बारीक लव. त्याच्या आजच्या शास्त्रीय नावातल्या ‘प्युबेसेन्स’ या शब्दाचा अर्थच लवदार असा आहे. काळ्या कुड्याची पाने त्या मानाने लहान. त्यांतून निळा रंग निघतो आणि लॅटिन नावातल्या ‘टिंक्टोरिया’ या शब्दात तो रंग आहे. फूल जवळून पाहिले तर फरक आणखी स्पष्ट होतो. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तुकडे असतात आणि पुंकेसरांचा शंकू बाहेर डोकावतो. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नाही आणि पुंकेसर नळीच्या आत दडलेले. शेंगांच्या जोडीत काळ्या कुड्याच्या दोन्ही शेंगा आरंभी टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या लोंबतात. बीला वाऱ्यावर उडण्यासाठी केसांचा झुबका असतो. तो पांढऱ्या कुड्यात शेंगेच्या टोकाच्या बाजूला, तर काळ्यात देठाच्या बाजूला. आणि शेवटची परीक्षा जिभेची. पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव आणि काळ्याचे ते गोड इंद्रजव.

ही सारी खूण पान, फूल, शेंग हाती असेपर्यंतची. साल सोलून वाळवली की यातले काहीच उरत नाही. म्हणून ओळख झाडापाशीच व्हायला हवी आणि तिथून दुकानापर्यंत नाव बिनचूक जायला हवे.

सालीत नेमके काय आहे, याचा शोधही मुंबईतच लागला. हेन्स यांनी १८५८ मध्ये कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे काढले. त्याला कोनेसिन म्हणतात. पण सखाराम अर्जुन यांच्या हयातीत एक कोडे सुटले नव्हते. चांगल्या पांढऱ्या कुड्यानेसुद्धा एका रोग्याला गुण येई, दुसऱ्याला येत नसे. याचे उत्तर रोगाच्या वर्गीकरणात होते. रक्त-आव पडणे हे एक लक्षण आहे, एक रोग नव्हे. १८७५ मध्ये रशियात लोश याने अशा रोग्याच्या विष्ठेत अमीबा पाहिला. १८९७ मध्ये जपानच्या शिगा यांनी रक्ती आवेचा जिवाणू शोधला. म्हणजे जसे कुडे दोन, तशा आवाही निदान दोन. कोनेसिनचा मारा अमीबावर. जिवाणूची आव असेल तर त्याच्यावर फार विसंबता येत नाही. पुढे विसाव्या शतकात कोनेसिन गोळीच्या रूपात दिले गेले, पण त्याने काही रोग्यांच्या मेंदूवर, मनावर परिणाम होऊ लागला. मेट्रोनिडॅझोल आल्यावर ते मागे पडले. झाडाचे नाव आणि रोगाचे नाव, दोन्ही बरोबर असतील तरच औषध लागू पडते.

सखाराम अर्जुन यांचा व्याप औषधांपुरता नव्हता. ‘गर्भविद्या व प्रसूतिकरण’, ‘विवाहविज्ञान’ अशी पुस्तके त्यांनी मराठीत लिहिली. बाळंतपणावर आणि विवाहावर शास्त्रीय भाषेत मराठीतून बोलणे त्या काळात धाडसाचे होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत सहा युरोपियन होते आणि दोन हिंदी, आत्माराम पांडुरंग व सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर. ते म्युझियम आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते.

घरातही त्यांनी शास्त्र बाजूला ठेवले नाही. त्यांनी जयंतीबाई या तरुण विधवेशी विवाह केला. जयंतीबाईंना पहिल्या पतीपासून एक मुलगी होती, रखमाबाई, जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. दादाजी हे सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले. पण मुलगी लहान असताना तिला सासरी नांदायला पाठवायला सखाराम अर्जुन तयार झाले नाहीत. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात आईचे आणि मुलाचे काय होते, हे प्रसूतिशास्त्रावर पुस्तक लिहिणाऱ्याला वेगळे सांगायला नको होते. रखमाबाई घरीच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. साऱ्या मुंबईत, पुढे इंग्लंडातही, त्यावर वाद झाला.

एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. वय पंचेचाळीसच्या आसपास. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो त्यांना ऐकायला मिळाला नाही. अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये सासरी जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर त्यांनी सुरत व राजकोट येथे अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. ज्या घरात त्या वाढल्या, ते घर एका वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टरचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आज सखाराम अर्जुन यांची सूची कोणी उघडत नसेल, पण तिची गरज संपलेली नाही. आमच्यासारख्या डोंगरी भागातल्या सरकारी दवाखान्यात अजूनही रोगी येतो आणि झाडपाल्याचे औषध घेतले एवढेच सांगतो. कोणते, ते त्याला सांगता येत नाही किंवा ओरडा बसेल म्हणून तो सांगत नाही. डॉक्टर आणि सिस्टर यांनी ओरडू नये. रोग्याच्या माणसांनी त्या झाडाची पानाफुलासकट डहाळी, निदान उरलेल्या सालीचा तुकडा सोबत आणावा. विषबाधेच्या शंकेत तर ती डहाळी फार उपयोगी पडते.

आवेबद्दल इतके ध्यानात ठेवावे. लहान मुलाला जुलाब होत असतील तर पहिले औषध म्हणजे ओआरएस आणि झिंकची गोळी. अंगावरचे दूध थांबवू नये. शौचात रक्त पडत असेल, ताप असेल, डोळे खोल गेले असतील, मूल सुस्त पडले असेल किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर काढा उकळत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. रक्ती आवेला कोणते औषध लागू पडेल, ते तपासूनच ठरते. आणि मोठ्या माणसाने वैद्याच्या सल्ल्याने कुड्याचे पाळ घ्यायचेच असेल, तर आधी एक प्रश्न जरूर विचारावा : हा पांढरा की काळा?