सहा अपत्यांचा वियोग सोसलेले प्रेषित

पोटच्या लेकराला माती देण्यासारखे दुःख नाही. प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांच्या वाट्याला अपत्यवियोग एकदा नव्हे, सहा वेळा आला. बहुतेक चरित्रकारांच्या मते त्यांना तीन मुलगे आणि चार मुली झाल्या. त्यांपैकी एकट्या हजरत फातिमा (र.) पित्याच्या पश्चात हयात होत्या, त्याही जेमतेम सहा महिने.

कासिम आणि अब्दुल्लाह हे दोन मुलगे मक्केत अगदी लहानपणीच गेले. हजरत खदिजा (र.) आणि प्रेषित या दुःखात असताना विरोधकांनी त्यांना ‘अबतर’, म्हणजे निर्वंश, असे हिणवले. मुलगा म्हणजे वंश आणि मुलगी म्हणजे ओझे, असे मानणारा तो समाज होता. कुरआनातील ‘अल कौसर’ हा सर्वांत छोटा अध्याय याच प्रसंगी अवतरला, असे भाष्यकार सांगतात.

हिजरी सन 2 च्या रमजानमध्ये बद्रची लढाई झाली. कन्या रुकय्या (र.) तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्या सेवेसाठी प्रेषितांनी जावई हजरत उस्मान (र.) यांना मदिनेतच थांबवले. विजयाची वार्ता शहरात आली तेव्हा लोक रुकय्यांच्या कबरीवरची माती सारखी करत होते. पित्याला लेकीचे अखेरचे दर्शनही घडले नाही. पुढे जैनब (र.) आणि उम्मे कुलसुम (र.) याही गेल्या.

वयाच्या साठीत प्रेषितांना हजरत मारिया (र.) यांच्यापासून इब्राहीम हा मुलगा झाला. बाळाला दूध पाजण्यासाठी मदिनेतील एका लोहाराच्या पत्नीकडे ठेवले होते. भात्याच्या धुराने भरलेल्या त्या घरात प्रेषित जात, बाळाला जवळ घेऊन मुके घेत आणि परतत. बाळ दीड वर्षाच्या आसपास असताना दगावले. प्रेषितांचे डोळे भरून आले. सोबतच्या अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना त्याचे नवल वाटले. हे अश्रू म्हणजे काळजातली दया आहे, मन दुखावले तरी अल्लाहला न रुचणारा शब्द तोंडातून निघू नये, असे प्रेषितांनी त्यांना समजावले.

त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. अभ्यासक ही तारीख 27 जानेवारी 632 मानतात. प्रेषितपुत्राच्या मृत्यूने सूर्यही झाकोळला, असे लोक बोलू लागले. शोकात बुडालेल्या पित्याला ही समजूत गोड वाटली असती. प्रेषितांनी मात्र लोकांसह ग्रहणाची नमाज अदा केली आणि बजावले की चंद्रसूर्य या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्ममृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही.

एकदा एक आई मुलाच्या कबरीजवळ रडत होती. प्रेषितांनी तिला धीर धरायला सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही. आपले दुःख तुम्हाला काय कळणार, अशा अर्थाचे ती फटकन बोलली. सहा मुले गमावण्याचे नशीब असलेला तो माणूस उलट शब्द न बोलता निघून गेला. नंतर ओळख पटल्यावर ती त्यांच्या घरी गेली. दारावर पहारेकरी नव्हता. खरा सब्र आघाताच्या पहिल्या क्षणी लागतो, एवढेच प्रेषितांनी तिला सांगितले.

हजरत फातिमा (र.) यांचे निधन रमजानच्या 3 तारखेला झाल्याची परंपरा आहे. रमजानला सब्रचा महिना म्हणतात. त्यांच्या पित्याच्या चरित्रात हा सब्र आणि डोळ्यांतले पाणी एकत्र नांदले.