कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (१५ नोव्हेंबर १८६६, नाशिक – ६ जुलै १९५४, लंडन) या भारतातील पहिल्या महिला वकील, समाजसेविका आणि लेखिका होत्या. ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. कायद्याच्या परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना अनेक वर्षे वकिलीची सनद नाकारण्यात आली. त्यामुळे व्यवसायक्षेत्रातील स्त्री-पुरुष समानतेच्या इतिहासात त्यांच्या जीवनाला विशेष महत्त्व आहे.

कौटुंबिक पार्श्वभूमी

त्यांचे वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी कुटुंबात जन्मले होते. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व ते धर्मोपदेशक झाले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा सुरू केली. मुलींनाही मुलांइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा आईवडिलांचा आग्रह होता. कॉर्नेलिया यांच्या भगिनी सूझी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज स्कूलची स्थापना केली, तर अॅलिस या डॉक्टर झाल्या.

शिक्षण

कॉर्नेलिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर मानल्या जातात. अंतिम परीक्षेत त्यांनी कॉलेजात सर्वाधिक गुण मिळवले. या गुणवत्तेवर इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. मात्र ती स्त्रीला देता येत नाही, असे सांगून त्यांना डावलण्यात आले.

त्यानंतर काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. तेथे त्यांचे विद्यार्थी पुरुष होते. दरम्यान, फ्लोरेन्स नाइटिंगेल, मेरी हॉबहाऊस, सर विल्यम वेडरबर्न आदींच्या साहाय्याने इंग्लंडमध्ये निधी उभा राहिला आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिल्यावर १८९२ मध्ये त्या बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ या परीक्षेला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. परंतु त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देत नसे. हा नियम १९२० मध्ये बदलला आणि १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी, पदवी त्यांच्या हाती आली.

सनदेसाठी प्रतीक्षा

१८९४ मध्ये त्या भारतात परतल्या. पडदा पाळणाऱ्या अनेक स्त्रियांच्या नावे मोठी मालमत्ता असे. मात्र परपुरुषाशी बोलण्याची मुभा नसल्याने त्यांना वकिलाचा सल्ला घेता येत नसे. कारभारी किंवा नातेवाईक याचा गैरफायदा घेत. अशा पडदानशीन स्त्रियांचे काम सोराबजी यांनी हाती घेतले. काठेवाड व इंदूर येथील संस्थानांत ब्रिटिश प्रतिनिधींसमोर बाजू मांडण्याची खास परवानगी त्यांना मिळाली. पण सनद नसल्यामुळे न्यायालयात वकील म्हणून उभे राहता येत नव्हते.

ही उणीव दूर व्हावी म्हणून त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत यश मिळाले, तरी सनद मिळाली नाही. अडचण पात्रतेची नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

कोर्ट ऑफ वॉर्ड्समधील कार्य

पडदानशीन स्त्रियांसाठी सरकारने महिला कायदे सल्लागार नेमावी, यासाठी त्यांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे पाठपुरावा केला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये महिला साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारस आणि कारभार पाहण्यास असमर्थ ठरवलेले मालक यांच्या जमीनदारीची व्यवस्था हे सरकारी खाते पाहत असे. पुढे बंगालसह बिहार, ओडिशा आणि आसाम एवढ्या विस्तृत प्रदेशात त्यांनी काम केले. सुमारे वीस वर्षांच्या सेवेत त्यांनी सहाशेहून अधिक स्त्रिया व अनाथ मुलांना साहाय्य केले. काही वेळा त्यासाठी शुल्कही घेतले नाही. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

वकिलीचा अधिकार

सनद मागणाऱ्या सोराबजी एकट्याच नव्हत्या. रेजिना गुहा यांचा अर्ज १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, तर सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने फेटाळला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र सोराबजी यांची वकील म्हणून नोंदणी केली. अखेर विधी व्यवसायी (महिला) अधिनियम, १९२३ संमत झाला आणि केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, हे कायद्याने मान्य झाले. १९२४ मध्ये त्यांनी कलकत्ता येथे वकिली सुरू केली, तेव्हा त्यांचे वय ५७ वर्षांचे होते.

कायदा बदलला तरी दृष्टिकोन लगेच बदलला नाही. न्यायालयात युक्तिवाद करण्याऐवजी प्रकरणांवर लेखी मत तयार करण्याचेच काम त्यांच्याकडे बहुधा येई. १९२९ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि नंतर त्या लंडनमध्ये स्थायिक झाल्या.

राजकीय मते

सोराबजी ब्रिटिश राजवटीच्या समर्थक होत्या आणि महात्मा गांधींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरीन मेयो यांच्या 'मदर इंडिया' (१९२७) या वादग्रस्त पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे अनेक सहकारी दुरावले आणि त्यांच्या सामाजिक कार्यालाही फटका बसला. स्वातंत्र्योत्तर काळात त्या काहीशा विस्मृतीत गेल्या, त्याचे हेही एक कारण होय.

लेखन आणि स्मृती

'लव्ह अँड लाइफ बिहाइंड द पर्दा' (१९०१), 'बिट्वीन द ट्वायलाइट्स' (१९०८) आणि 'इंडिया कॉलिंग' (१९३४) हे आत्मचरित्र ही त्यांची प्रमुख इंग्रजी पुस्तके आहेत. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या विधिसंस्थेत त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले.