ज्याच्या अंगाला हात लावायला क्लब तयार नव्हता, तो पुढे राज्याचा गव्हर्नर झाला

१९२७ साल. मेलबर्नच्या कार्लटन या मोठ्या फुटबॉल क्लबात वीस वर्षांचा एक पोरगा नशीब आजमावायला आला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पळायला लागला की कुणाच्या हाती लागायचा नाही. खेळात खोट नव्हतीच. खोट काढली गेली ती रंगात. त्याच्या अंगाला वास येतो म्हणून मालिश करायलाही कुणी तयार होईना. त्याला परत जावं लागलं.

पोराचं नाव डग निकोल्स.

डग ऑस्ट्रेलियाच्या मूळनिवासींपैकी, योर्टा योर्टा समाजाचा. जन्म १९०६ चा, न्यू साउथ वेल्समधल्या कमेरागंजा वस्तीतला. मूळनिवासींची पोरं सरकार घरातून उचलून संस्थांमध्ये टाकायचं, तो हा काळ. डग आठ वर्षांचा असताना त्याच्या सोळा वर्षांच्या बहिणीलाही पोलीस असंच घेऊन गेले.

कार्लटनने नाकारल्यावर नॉर्थकोट क्लबने त्याला घेतलं आणि १९२९ मध्ये नॉर्थकोट चॅम्पियन झालं. १९३२ मध्ये तो फिट्झरॉय क्लबात गेला. जुन्या अनुभवामुळे ड्रेसिंग रूममध्ये तो एका कोपऱ्यात बसायचा. तेव्हा टीमचा स्टार हेडन बंटन स्वतःहून त्याच्याशेजारी जाऊन बसला. तिथून डग खुलला. फिट्झरॉयकडून तो ५४ मॅच खेळला. १९३५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या टीममध्ये निवड झालेला तो पहिला मूळनिवासी खेळाडू ठरला.

गुडघ्यांनी साथ सोडल्यावर डग पाद्री झाला. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात भरती झाला, पण फिट्झरॉयच्या पोलिसांनीच त्याला परत मागून घेतलं. शहरात आलेली मूळनिवासी माणसं दारू-जुगारात अडकत होती आणि ती फक्त डगचं ऐकायची. डगने त्यांच्यासाठी चर्च चालवलं आणि मूळनिवासींच्या फुटबॉल टीमही उभ्या केल्या. युद्धनिधीसाठी या टीमच्या मॅच व्हायच्या. जिथे आपल्या लोकांना दारात उभं केलं जात नव्हतं, त्याच मैदानात तो त्यांना टीम करून उतरवत होता.

पुढे हक्कांची लढाई आली. १९६७ च्या सार्वमतासाठी डगने प्रचार केला आणि ९० टक्क्यांहून जास्त मतदारांनी मूळनिवासींच्या बाजूने कौल दिला. १९७२ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. १९७६ मध्ये तो साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला. दोन्ही मान मिळवणारा तो पहिला मूळनिवासी. आजारपणामुळे काही महिन्यांतच त्याला पद सोडावं लागलं. १९८८ मध्ये डग गेला.

२०१५ मध्ये ॲडम गुड्स हा मूळनिवासी स्टार निवृत्त झाला. त्याआधी मॅचमागून मॅच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. पुढच्याच वर्षी लीगने मूळनिवासींच्या सन्मानाच्या राउंडला सर डग निकोल्स यांचं नाव दिलं. आता त्या राउंडला सगळे क्लब मूळनिवासी कलाकारांनी डिझाइन केलेल्या जर्सी घालतात. त्यात कार्लटनही असतो.